कोरड्या प्रश्नाच्या बाजूनं

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मला तुमच्याशी भांडायचं आहे.

काकू गेल्यावर मी तुम्हाला भेटायला धाराशिवला आले होते. तुम्ही स्वतः चहा टाकला आणि तुम्हाला साखर सापडेना. मी उठून डबे उघडायला लागले तर म्हणालात, "राहू दे, बिनसाखरेचाच घेऊ." मग ओट्याला टेकून, माझ्याकडं न बघता बोललात, "जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. ती दवाखान्यात तळमळत होती, मी तिचा हात धरून बसलो होतो, तेव्हा त्यातलं एक वाक्य कामाला आलं नाही. तुम्हा पोरांना मी नुसती हवा विकली." कॉलेजात मी तो विषय घेतला तुमच्यामुळं. त्यानं भाकरी फुगते का, असं म्हणून माहेरी सगळे हसले होते. त्यांना मी उत्तरं दिली होती. तुमच्यापुढं मात्र तोंड उघडलं नाही. कडू चहा प्यायले आणि एसटी पकडून सासरी आले. त्यानंतर तुमची भेट झाली नाही. तुम्ही गेल्याचंच कळलं.

आज बोलते. आमचे मालक दिवेलागणीला मोटारसायकलवर रानातून येत होते. शेजारच्या पोरानं दारूच्या नशेत त्यांच्या अंगावर ट्रॅक्टर घातला. मालक जागेवर गेले. पोराला पोलिसांनी नेलं, कोर्टात केस उभी राहिली, पण भावकीचं तेवढ्यानं भागेना. त्या पोराचा बाप आधीच गेलेला, दोन म्हशींवर त्याच्या आईचं घर चाललेलं. गावातली डेअरी माझ्या धाकट्या दिरांची. त्यांनी तिचं दूध घेणं बंद केलं. गिरणीवाल्यानं दळण परत पाठवलं, किराणावाला तिला काही देईना. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. एका दुपारी तिनं नासलेलं दूध दारापुढच्या गटारात ओतलं, ते मी माळवदावरून बघितलं आणि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं.

माणसानं मनाचं ऐकावं म्हणतात. माझं मन हे असं सांगत होतं. देवाला विचारावं म्हणून अणदूरच्या खंडोबाला गेले. कपाळाला भंडारा लावला, हात जोडले, आणि तिथंही ओठावर आलं ते तिचं वाटोळं होऊ दे एवढंच. परतताना बसमध्ये कसा कोण जाणे तुमचा तास आठवला. अर्धा वर्ग पेंगतोय आणि तुम्ही विचारताय, "गावासाठी नियम करा. पण आपण कुठल्या घरात जन्माला येणार हे आपल्याला ठाऊक नाही, असं धरून करा. मग कसा करता बघू." आम्ही हसलो होतो. न जन्मलेला माणूस नियम कसा करील? त्याच प्रश्नानं मला बसमध्ये धरलं. उद्या माझाच पोरगा पिऊन कुणाचा जीव घेऊन आला, तर माझी चूल बंद पाडायची का? नाही. मी दुसरं उत्तर शोधलं, सर, तुळजापूर येईपर्यंत शोधलं. मिळालं नाही.

दिरांच्या ओसरीवर भावकी बसली होती. मी तशीच पुढं झाले. "भावजी, उद्यापासनं तिचं दूध घ्या."

"वैनी, दादाचं वर्षसुदिक झालं न्हाय अजून. तुमाला दया तरी कशी येती तिची?"

"दया न्हाय आली. मला ती डोळ्यांपुढं नको वाटती."

"मग?"

"ट्रॅक्टर तिनं चालवला का? लेकापायी आईला उपाशी मारायचं, हा नियम आपल्याबी घराला लागू धरायचा का? धरणार असाल तर ठेवा बंद."

चुलत सासरे पलीकडं बघत म्हणाले, "कालिजातलं बोलती ही."

"व्हय, तिथंच शिकले," मी म्हणाले. "आन् तिचं घेणार नसाल तर आमचंबी दूध यायचं न्हाय."

आणि खरंच मी ते थांबवलं. घरात दूध नासायला लागलं, सासूबाईंनी अबोला धरला, जावा आपसांत कुजबुजायच्या. मी हटले नाही. शेवटी एका सकाळी तिची किटली डेअरीत मापाला लागली. पाठोपाठ गिरणीही तिला उघडली.

सर, तुम्ही तत्त्वज्ञानाकडं सांत्वन मागितलंत. ते त्याच्याकडं नव्हतंच. मालक गेल्याचं दुःख त्यानं माझंही कणभर कमी केलं नाही. पण मन सुडानं आंधळं झालं, देवापुढं जाऊनही आंधळंच राहिलं, तेव्हा वाट दाखवली ती त्या कोरड्या प्रश्नानं. त्याला माझा राग ठाऊक नव्हता, म्हणून तो रागात बुडाला नाही. आणि अध्यात्माचं म्हणाल, तर आता देवळात उभी राहते तेव्हा स्वतःची लाज वाटत नाही. याहून वेगळं अध्यात्म मला माहीत नाही. याला तुम्ही हवा म्हणालात. तो शब्द मागं घ्या.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. कपाटातच राहील. पण भांडले आहे तर खरं सांगते. सणाला ती बाई पुरणपोळ्यांचं ताट घेऊन येते. मी उंबऱ्यातूनच ते घेते, आणि तिची पाठ वळली की गोठ्यात नेऊन म्हशीपुढं ठेवते. याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि शोधते आहे असंही नाही.