चंद्रावरून अबोला

जळगाव,
१५ जानेवारी २०२५

ती. स्व. नानांस,
बेबाचा शि. सा. न. वि. वि.

फोन यांच्याच खिशात असतो, म्हणून पत्र लिहिते. रविवारी वाचनालयात अवकाश मोहिमांच्या इतिहासावरच्या पुस्तकाची चर्चा होती. हेही आले, पुस्तक न वाचता. मध्येच उठून म्हणाले, की चंद्रवर कोणी गयंच नही, बठ्ठं खोटं शे. वाराच नाही तर झेंडा ताठ कसा राहिला? माझ्या तोंडून निघून गेलं, की झेंड्याला वरून आडवी दांडी होती, पुस्तकात दिलंय. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या पुष्पाबाईंनी जरा जास्तच.

हे एकटेच स्कूटर घेऊन निघून गेले. मी रिक्षाने आले. तेव्हापासून अबोला. भरीत तिखट झालं तर सुनेला म्हणतात, की मेघा, तुझ्या सासूला सांग. मी तिथेच उभी! काल तिळगूळही मेघाकरवी दिला, आणि गोड बोला हेही तिलाच म्हणायला लावलं.

पुढच्या महिन्यात आपल्या अभिमनच्या लग्नाला आम्ही अशी तोंडं फिरवून आलो, तर तुमचे व्याही काय म्हणतील? तुम्ही जन्मभर विज्ञान शिकवलंत. यांना चार ओळी लिहून समजवा.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर माया असू द्यावी.
तुमची बेबा

धुळे,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. बेबास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका हसलो, की तुझी वहिनी पोळपाट सोडून आली. ती तुझ्या बाजूने आहे. मी मात्र रतिलालरावांना लिहिणार नाही. त्यांचा राग चंद्रावर नाही, टाळ्यांवर आहे. त्यात मेव्हण्याने विज्ञान शिकवलं, तर लग्नाचं राहू दे, ते धुळ्याचा रस्ताच सोडतील.

पुस्तक त्यांच्या पलंगाजवळ ठेव. मेघाला म्हणायला लाव, की अक्षर बारीक आहे, आबांनी उगाच डोळे शिणवू नयेत. मग बघ. आणि वाचलं का, असं विचारू नकोस. ते तुला जड जाईल, ठाऊक आहे.

दोघंही या. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा नाना

जळगाव,
५ फेब्रुवारी २०२५

रा. रा. प्रेमराजनाना यांस,
रतिलालचा स. न. वि. वि.

पत्राची सवय नाही, सांभाळून घ्या. वाचनालयाचं ते पुस्तक सहज चाळलं. सहजच, दोनदा. दांडीचं लिहिलेलं आहे. हिला सांगू नका.

पण त्यात एक तिसरा माणूस आहे. दोघं चंद्रावर उतरले, हा वर यानात एकटाच फिरत राहिला. चंद्राच्या मागे गेला, की पृथ्वीशी बोलणं बंद. हाक मारायला कोणी नाही. पुस्तकात म्हटलंय, त्याला एकटं वाटलं नाही. नाना, माणूस चंद्रावर गेला हे मी मान्य करतो. पण त्या माणसाला करमलं, हे मान्य नाही. मला इथे भरल्या घरात करमेना.

उठून स्वयंपाकघरात गेलो. मेघा माहेरी गेलेली, त्यामुळे थेट हिलाच विचारलं, की तुला काय वाटतं? ही म्हणाली, की दोघांची कटकट गेली, निवांत वाटलं असेल. मी म्हटलं, शक्य नाही. ही म्हणाली, की मला तरी निवांत वाटत होतं. मग बरंच काही म्हणाली. भाकर करपली, तीच दोघांनी खाल्ली.

लग्नाला दोघंही येतो. पंगतीत शेजारी बसवा, वाद अजून मिटलेला नाही.

लोभ आहेच, तो राहावा.
आपला,
रतिलाल