ट्रकमालक जावयाची फुंकर

४ जून

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडतील, तरी वाचा. मी ट्रक घेतला. जुना आहे, चढावर कुरकुरतो. पण मालक मी, ड्रायव्हर मी आणि ओरडणारा साहेबही मीच. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झालेला माणूस म्हटल्यावर कुठलीच कंपनी दारात उभं करेना. मग म्हटलं, आपणच आपल्याला नोकरीला ठेवू.

परवाना परत मिळाला, पण कोर्टाची अट आहे. स्टिअरिंगजवळ एक यंत्र बसवलंय, त्याच्या नळीत फुंकायचं. दारूचा अंश लागला तर इंजिन चालू होत नाही. वर्षभर हेच. सध्या खोकला झालाय, त्यामुळे फुंकर मध्येच तुटते आणि यंत्र रागावतं.

तुमच्या लेकीला परत ये म्हणायला मला तोंड नाही. ट्रक तिच्या आवडीच्या हिरव्या रंगाचा आहे, एवढंच तिच्या कानावर घाला.

रागातून उरली तर थोडी माया इकडे असू द्या.

तुमचा जावई (अजून आहे असं धरून चाललोय)

१२ जून

रा. रा. ट्रकमालक जावईबापू यांना अनेक आशीर्वाद.

जावयाच्या तोंडाची झडती घेणारं यंत्र निघालं, मी भरून पावले. लग्नाआधी निघालं असतं तर आमच्या दारातच बसवलं असतं.

ट्रकचं सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, मळ दिसू नये म्हणून हिरवा घेतला असेल. अपघातानंतर तुमच्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलली, पण हुरळून जाऊ नका. तुम्ही गाडी खांबावर घातलीत तेव्हा शेजारी तीच बसली होती. हात सांधला. गाडीत बसायची भीती मात्र गेलेली नाही, बाजारातसुद्धा चालत जाते.

खोकल्याचं औषध पाठवते आहे. कडक आहे, नाक धरून घ्या.

तब्येत सांभाळा, म्हणजे मला रागवायला माणूस राहील.

आई

३० जून

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या औषधानं मला धंद्यातून उठवलंच होतं. काचवाल्याच्या दुकानातून खिडक्यांच्या काचा भरल्या. निघण्यापूर्वी दोन चमचे औषध घेतलं, फुंकलं, आणि यंत्रावर लाल दिवा. बाटली नीट वाचली तर त्यात अल्कोहोल. काच चढवणारा हमाल म्हणाला, मी फुंकतो, कुणाला कळतंय. मन डळमळलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात काचवाले बाहेर आले आणि हे काय म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, शिक्षेसकट.

त्यांनी बाटली मागितली, वाचली आणि हसत सुटले. चूळ भरून अर्धा तास थांबायला सांगितलं. पुढच्या फुंकरीला हिरवा दिवा. काचा शाबूत पोचल्या आणि आता त्यांचा सगळा माल माझ्याकडे आहे.

कृपा ठेवा, पण बाटलीतून पाठवू नका.

जावई

९ जुलै

चि. जावईबापूंना आशीर्वाद.

पत्र मोठ्यानं वाचलं. हमालाच्या ओळीपाशी शिलाई मशीन थांबलं. पुढचं ऐकून मग चालू झालं. मी मात्र औषधवाल्याशी भांडून आले.

आई

६ जून

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

वर्ष झालं, अट संपली. यंत्र काढायला बोलावलंय, पण माझं मन होत नाही. मला माझीच धास्ती वाटते. ते कायमचं ठेवून टाकतो. तुमच्या लेकीलाही त्यामुळे धीर येईल. आता तिला ये म्हणतोय, एवढं सांगा.

जावई

१५ जून

स. न. वि. वि.

आईनं लिहायला बसवलं असं समजू नका, ती शेजारी गप्पा मारायला गेली आहे.

यंत्र काढून टाका. ते असताना मी आले असते तर त्याच्या भरवशावर आले असते, आणि ते निघाल्यावर रोज तुमचं तोंड हुंगत बसले असते. म्हणून वर्षभर थांबले. मला फार राग होता, तुमची आठवणही फार आली. भीती अजून आहे. घाटात ओरडले तर हसू नका.

रविवारी ट्रक घेऊन या. मी पिशवी भरून रस्त्यावर उभी असेन. तुमच्या तोंडाचा वास घेणार नाही.

तुमची बायको