दुसऱ्याचा टोला

शनिवार, ४ ऑक्टोबर

एकदाचं बूड टेकलं बाई! खाली चष्म्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. जिना उतरला की नोकरी. मालक भला माणूस आहे, फक्त चष्मा स्वतःच्या डोक्यावर ठेवून दिवसभर शोधत फिरतो. बारकी सोबत आहे. आई गेल्यापासून ती माझी बहीण कमी आणि लेक जास्त. मायनस सहाचा नंबर. चष्मा काढला की खांबालासुद्धा ‘माफ करा’ म्हणेल. उद्या पडका किल्ला बघायला जायचंय. अजून खोकी सुटली नाहीत, पण भटकायचं खूळ आधी.

रविवार, ५ ऑक्टोबर

पायांचे तुकडे पडलेत, पण दिवस झकास गेला. बसच्या शेवटच्या थांब्यावर खेडं, खेड्याच्या टोकाला जुनं दगडी चर्च, आणि त्याच्या मागून किल्ल्याची वाट. चर्चच्या चाव्या एका म्हाताऱ्या मावशींकडे असतात. त्यांनी आम्हाला अडवलंच. वर जाताना प्रत्येकानं घंटेचा दोर एकदा ओढायचा, खाली आल्यावर पुन्हा एकदा. आपला टोला आपल्याच हातानं, दुसऱ्याचा कधीही द्यायचा नाही, असं बजावलं. बारकीनं हौसेनं दोर ओढला. मी मनात म्हटलं, म्हातारीला तेवढाच विरंगुळा.

वर छप्पर नाहीच. भिंतींतून झाडं उगवलेली, एका बुरुजात जुनी चूल तेवढी शाबूत. उतरताना बारकी फोटो काढत मागे रेंगाळली. मी चर्चमध्ये पोचले तर वळणावर बस दिसली. ही चुकली की बसा बोंबलत! मावशी मागच्या अंगणात होत्या. मी माझा टोला दिला आणि लगे हात बारकीचाही देऊन टाकला. वळून बघते तर ती दारात उभी. एवढ्या लवकर कशी आली कोण जाणे. बस मिळाली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बारकी बोलत नाही. ताट पुढ्यात तसंच राहतं. चष्मा किल्ल्यावर पडला म्हणते. नवा करून देते म्हटलं, तर नको म्हणाली. आल्यापासून बिनचष्म्याची वावरतेय आणि एकदाही कशाला धडकली नाही. दमली असेल, अशी मी मनाची समजूत घालतेय.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दुपारी तिला दुकानात खुर्चीवर बसवलं. तक्त्याची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. मालक म्हणाले, अशी गिऱ्हाइकं आली तर आपण दुकानाला टाळं लावू. मला हसू येईना. डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या जराही आकसल्या नाहीत. लहानपणापासून मी ते डोळे तपासतेय. हे तिचे नव्हेत. मला भीती वाटते. घरात जायची भीती वाटते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मावशींकडे जाऊन आले. ऐकताच त्यांनी मला बाकावर बसवलं. दुसऱ्याचा टोला दिला की कोणीतरी उतरतंच, म्हणाल्या. खरं माणूस वर अडकतं, त्याला वाट सापडत नाही. सोडवायचं तर त्याच्या जागी कोणीतरी राहायचं. सुटलेल्यानं आपल्या हातानं टोला दिला की खोटं विरतं.

रविवारपासून माझं पोर वर आहे. माझ्यामुळे.

घरातली ‘ती’ पापणी न लववता माझ्याकडे बघतेय—

शुक्रवार, १० ऑक्टोबर. बुरुजात.

सापडली! चुलीपाशी मुटकुळं करून बसलेली, चष्म्याची एक काच तडकलेली. हाका मारून मारून घसा बसलाय. म्हणाली, ताई, चर्च समोर दिसतं गं, पण वाट फिरून इथेच येते. पोटाशी धरून दोघी रडलो. तिला भाकरी खायला घातली.

खरं सांगितलं असतं तर ती हललीच नसती. म्हणून खोटं बोलले. तू पुढे हो, टोला दे, मी आलेच.

गेली. वाटेनं तिला जाऊ दिलं.

मी प्रयत्न करून पाहिला. वाट फिरून बुरुजातच. असू दे. बारकी सुटली म्हणजे झालं.

टोला! स्वच्छ ऐकू आला. सुटलं गं माझं लेकरू—

वळणावर बस दिसतेय. ती दारात माझी वाट बघत असेल. घाई करेल. माझ्याच हाताखाली वाढलेली, माझ्यासारखीच उतावळी—

दुसरा टोला.

नको गं बारके. माझा नको—

चुलीपाशी कोणीतरी उठलं. पाठमोरी. माझाच कोट. माझीच वेणी. उतरायला लागली—

ओरडतेय, आवाज खाली पोचत नाही—

बारके, बसमध्ये चढू नकोस तिच्याबरोबर— आधी टॉर्च मार, तिच्या बाहुल्या बघ, तिच्या बा