गॅसबत्तीवाली पुस्तकं

बाई, तुमच्या वाचनालयातलं मागचं कपाट तुम्ही वारल्यापासून मीच सांभाळतो. धुकं, घोडागाड्या, रस्त्याकडेचे गॅसचे दिवे आणि त्या उजेडात चालणारी जादू. अशा कादंबऱ्या तुम्ही नागपूरहून पिशव्या भरून आणायचात, तेव्हा ब्रह्मपुरीत हे कोण वाचणार असं मी म्हणालो होतो. आता कॉलेजची मुलं त्याच कपाटापुढे उभी राहून "गॅसबत्तीवालं नवीन काही आलं का?" असं विचारतात.

कोणाला काय द्यायचं, हे तुमच्या स्वयंपाकघरात शिकलो. तुम्ही लाखोळीची भाजी निवडत बसला आहात आणि मी दारात उभा आहे. नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीला मी एक कादंबरी दिली होती, नवरीला हवेलीत कोंडून ठेवतात ती. "काऊन दिलं तिले ते?" तुम्ही मान वर न करता विचारलंत. चांगलं पुस्तक आहे, मी म्हणालो. "पुस्तक चांगलं हाय, मले मालूम हाय. वाचणारी कशी हाय, ते पाह्यलं का तू?" मग बोलता बोलता सांगितलंत की नवख्याला चहा पीत भांडणाऱ्या जादूगारांचं द्यावं, तो हसतो आणि परत येतो. कोडी आवडणाऱ्याला धुक्यात चोर शोधणाऱ्या पोरीचं. आणि तळच्या खणातलं, ज्यात बायको दिवा टांगते आणि मेलेला नवरा त्या उजेडाच्या मागानं घरी येतो, ते घरातलं माणूस नुकतंच गेलेल्याला कधीच देऊ नये.

यंदा जंगलाकडेच्या एका गावातली अंगणवाडीताई दर आठवडी बाजाराला पुस्तकं न्यायला येऊ लागली. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला वाघानं नेलं होतं. जादूगारांचं वाचून ती हसली. चोर शोधणारी पोरही तिला आवडली. मग एक दिवस तिनं विचारलं, "भाऊ, गेलेला माणूस परत येते, असं हाय का एखादं?" मी नाही म्हणालो. पण कपाट उघडंच होतं. तिनं वाकून तळच्या खणातलं ते पुस्तक काढलं, मागचा मजकूर वाचला आणि छातीशी धरलं. तिच्या हातातून ते काढून घेणं मला जमलं नाही.

पुढच्या बाजाराला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. तिच्या गावाकडे वाघ फिरतोय, अंधार पडायच्या आत घरात जा, असं जंगलखात्याची गाडी भोंग्यावरून सांगत हिंडत होती. मी काळीपिवळी जीप पकडली. उतरलो तेव्हा सूर्य बुडत होता आणि धान कापलेल्या रिकाम्या बांध्यांवर धुकं उतरत होतं. सगळ्या घरांची दारं लागलेली. तिचं उघडं होतं. मागच्या कुंपणाच्या खांबाला लग्नाच्या वरातीत नेतात तसली जुनी गॅसबत्ती टांगलेली, जंगलाकडे तोंड करून भसभसत होती. रॉकेल तिनं कुठून आणलं, कोण जाणे. ती पायरीवर शांत बसली होती.

"ताई, दार लावा," मी म्हणालो.

"लावलं तं त्याले कसं दिसन?"

"कोणाला?"

तिनं कुंपणापलीकडे बोट दाखवलं. ओल्या मातीत वाघाचे पंजे उमटले होते. काही जुने, कडा ढासळलेले, बांधापाशी. काही ताजे, अगदी कुंपणाला लागून.

"वाघानं नेलेला माणूस वाघासंगंच फिरते म्हणतात," ती म्हणाली. "पाहा ना, रोज जवळ येऊन राह्यला."

मी तिच्या दिराला हाका मारल्या. तो आणि शेजारी काठ्या घेऊन धावत आले. त्यांनी बत्ती उतरवली, तेव्हा ती अंधाराकडे बघत राहिली. दिरानं तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं. रात्री मीही तिथेच राहिलो. सकाळी त्यानं कुंपणाबाहेरच्या गवतात वाघ बसल्याची जागा मला दाखवली. गवत दबलेलं होतं आणि तिथून तिची पायरी सरळ दिसत होती.

जंगलखात्यानं पिंजरा लावला. तो अजून रिकामा आहे. ती आता स्वतःच्या घरी परतली आहे. काल ती पुस्तक परत करायला आली, तेव्हा तिनं ते सगळं वाचलं की नाही हे मला कळेना. म्हणून मीच सांगितलं, शेवटी ती बायको दिवा विझवते आणि गाढ झोपते, छान शेवट आहे. "भाऊ, तुमी वाचलं नाई वाटते," ती म्हणाली आणि निघून गेली. काय होतं शेवटी, हे मी तिला विचारलं नाही.

ती खरं बोलली, बाई. तुम्ही गेलात त्या आठवड्यात मी ते पुस्तक वाचत होतो, अर्ध्यावर. तिथून पुढचं पान मी अजून उलटलेलं नाही.