ड्रायव्हरच्या दारावरच्या गोल रेघा

बाबा,

खाली गाडी दिसली नाही तर चोरी झाली म्हणून बिल्डिंग गोळा करू नका. मीच आमच्या वर्कशॉपला नेलीय. रंगावरचं कोटिंग पार गेलंय, नवीन करून शनिवारी आणते.

टपावरचं उन्हाने खाल्लं. बॉनेटवर पक्ष्यांनी घाण केली ती आपण दोन-दोन दिवस तशीच ठेवली, तिचे डाग आत उतरलेत. बाकीचं धूळ आणि पावसाने उरकलं. पण गोल गोल रेघा फक्त ड्रायव्हरच्या दाराला आहेत. वर्कशॉपच्या मालकांनी विचारलं, तेव्हा मी तेही उन्हावरच ढकललं. त्यांना पटलं नाही. ऊन काही फडकं घेऊन पुसत नाही ना!

मी उठायच्या आधी तुम्ही खाली जाता, मला माहीत आहे. तुमच्या डोळ्यांमुळे मी किल्ली काढून घेतली, त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. त्यापेक्षा भांडला असतात तर बरं झालं असतं.

बाकीची गाडी आमची पोरं करतील, ते दार मी स्वतः करणार आहे. पुढेही रोज पुसा, पण कोरड्या फडक्याने नको, धूळ घासली जाते. आधी पाणी ओता, मग ओला मऊ कपडा फिरवा. बादली जिन्याखाली ठेवलीय.

डोळ्यांचे थेंब फ्रिजच्या दारात आहेत. दुपारी विसरू नका.

रविवारी लांब फिरून येऊ. चालवणार मीच. मला शिकवताना ओरडायचात तसं शेजारी बसून "अगं, ब्रेक, ब्रेक!" करायचं काम तुमचं. गप्प बसलात तर गाडी तिथेच थांबवेन.

ठमी