आजोळचं सासर

गंगाखेड,
आषाढ वद्य नवमी, शके १८७०

आई,

शिवम्माचा शरणार्थ. इकडं समदे खुशाल. आजीचे गुडघे तसेच. गोदावरीला पाणी चढलंय, नाव बंद हाय. मामा बरे हायेत.

बघ, लिहिलंच! मामाशी लगीन लागून चार महिने झाले तरी तोंडात मामाच येतं. काय करू गं? सोळा वर्षं तेच म्हणत आले. परवा चारठाण्याचे पाहुणे जेवायला बसलेले, मी सवयीनं म्हणलं, "मामा, भाकर वाढू का?" समदे खो खो हसले. मामाबी हसले. पाहुणे गेल्यावर मात्र माझं मनगट पिरगाळलं. "पुन्हा म्हणशील?" म्हणाले. त्याच हातानं माझा हात धरून त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. सूज अजून हाय, म्हणून लिहिणं वाकडं आलंय. ही पहिलीच खेप न्हाई, आई.

मागचं 'मी सुखात हाय' पत्र त्यांनीच सांगून लिहून घेतलं. हे त्यांना ठाऊक न्हाई. कडूबाई कासारीण आगगाडीनं लेकीकडं तुमच्या पूर्णेला चाललीय, तिच्या बांगड्यांच्या पेटीतून तुझ्याकडं धाडतेय.

आजीला सांगून बघितलं. "माझ्या लेकाला नावं ठेवतीस? आजीच सासू मिळाली, किती नशीबवान तू!" पंचमीला माहेरी जाऊ का इचारलं तर हसायलीच लागली. "तू कुठं जातीस? तुझी आईच माहेरपणाला इथं येतीय की!"

तवा ध्यानात आलं. तू दरसाल येतीस, तुझा भाऊ तुला न्यायला येतो. आता मी तुझे पाय धुवायचे, नणंदबाई म्हणून तुला चोळी द्यायची, तू चार दिवस झोके घ्यायचे आणि परत जायचं. मी इथंच.

रझाकारांच्या धास्तीनं तुमी मला घाईत उजवलं. "घरच्या घरात हाय, काळजी न्हाई," म्हणालीस. तुझा लय राग आला होता. आजबी हाय.

या पंचमीला तू येऊ नको. बाबांना धाड मला न्यायला. मामा तुझ्याशी बोलणं तोडतील, आजी दार लावून घेईल, समदं कळतंय मला. तुझं माहेर सुटंल आणि ते मीच मागायलेय.

पत्राखाली काय लिहू? नात्यानं मी आता तुझी भावजय. पण भावजयीला न्यायला कुणी येत न्हाई.

तुझी लेक,
शिवम्मा