दिवस मावळायच्या आत

४ सप्टेंबर १९३१
आले एकदाची वेबर्टनला! टेलिफोन केंद्रात नोकरी आणि दोन घरं सोडून मिसेस स्ट्रँडकडे खोली. खिडकीतून मक्याची शेतं दिसतात. मिसेस स्ट्रँड विधवा, बोलायला गोड. गरम ॲपल-पाय पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "लेनोरा, तू आता आमच्यातलीच हं." माझी आई काळी आहे हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी रंग गोऱ्या बापाचा घेतलाय. इंडियानात तेवढ्यावर नोकरी मिळते.

९ सप्टेंबर
दिवस कलला की सगळं गाव ओसरीवर येऊन बसतं. बोलत कुणीच नाही. सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. कशाची वाट बघता, विचारलं. मिसेस स्ट्रँड म्हणाल्या, काही नाही गं, वारा खातोय.

१५ सप्टेंबर
परसात कंद लावताना पायवाटेची एक फरशी उचकटली. खालच्या बाजूला कोरलेलं: एस्थर, वय तीन वर्षं. शेजारच्या फरशीखालीही नाव. मिसेस स्ट्रँड म्हणाल्या, पूर्वी इथे काळ्यांची वस्ती होती, एका संध्याकाळी आपणहून निघून गेले, मग थडग्यांचे दगड कशाला वाया घालवायचे? बोलताना माझ्या केसांकडे बघत होत्या.

२२ सप्टेंबर
काल संध्याकाळी एका काळ्या माणसाचा ट्रक चौकात बंद पडला. त्याने दुकानातून मेकॅनिकला फोन केला. मीच जोडून दिला. मेकॅनिक म्हणाला, "दिवस मावळायच्या आत काळ्याने गाव सोडायचं, हे ठाऊक नाही होय तुला?" मग घराघरांतून फोन. सगळे एकच विचारत होते: गेला का?
आज सकाळी ट्रक तिथेच. माणूस नाही.

२४ सप्टेंबर
आई आजारी. सायरस मला न्यायला येतोय. माझा भाऊ आईच्या रंगाचा. येऊ नको सांगायला घरी फोन लावला — तो निघालासुद्धा.

२६ सप्टेंबर
बस उशिरा आली. सूर्य शेतांना टेकलेला. सायरस उतरला, मला पाहून अनोळख्यासारखी मान वळवली. मला वाचवायला. मिसेस स्ट्रँड शेजारीच. ओळखीचा आहे का गं, म्हणाल्या.
माझा भाऊ, मी म्हटलं.
त्या हसल्या. "वाटलंच मला."
बस गेली होती. आम्ही धावलो —

केंद्रात. दार लावलंय, टेबल आडवं. शेरीफ फोन उचलत नाही. सायरस म्हणतो, आपली नावं लिही. लेनोरा टिबेट. सायरस टिबेट.
टेलिफोनच्या फलकावरचे दिवे पेटताहेत — एकेक — सगळे. सगळं गाव एकदम —
एक फोन घेतला. मिसेस स्ट्रँड. मायेने म्हणाल्या, तू एकटी बाहेर ये, पोरी, तुझं आम्ही सांभाळून घेऊ —
नाही म्हटलं.
सायरसने माझा हात धरलाय. दाराशी —